पास-नापास काका

पास-नापास काकांना घाई हा प्रकारच ठाऊक नव्हता. माझ्याकडे मात्र प्रत्येक पेशंटला मोजून पाऊण तास असायचा.

विश्रांतवाडीच्या आमच्या फिजिओथेरपी सेंटरला एका कंपनीने तीन महिन्यांसाठी रोबो वापरायला दिला होता. तो कमरेपासून पावलांपर्यंत पट्ट्यांनी बांधायचा, मग तोच पाय उचलून माणसाला चालवतो. स्कूटरवरून पडून काकांचे पाय गेले होते. "दोन वर्षं आमच्या हिच्याशी मान वर करून बोलतोय मॅडम," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "एकदा समोर उभं राहून बोलायचंय." मी विरघळले, ती माझी चूक.

काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले निवृत्त तपासनीस. व्हीलचेअरवर बसल्या बसल्या रोबो अंगावर चढला, की ते प्रत्येक पट्टा, प्रत्येक स्क्रू बोटाने चाचपून 'पास' म्हणत. तेवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण पास झालेल्या वस्तूला कुणाचा हात लागला, की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी मांडीचा पट्टा जरासा सैल केला, तर काका परत डाव्या घोट्यावर.

"अहो काका, हा बॉम्ब नाहीये."

"म्हणूनच तुम्ही इतक्या निष्काळजी आहात."

चालायला जेमतेम पंधरा मिनिटं उरायची.

काकू अंगणवाडीत होत्या. त्यांना रजा मिळाली ती थेट शेवटच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी रोबो परत जाणार होता. आज तरी लवकर आटपा, म्हणून मी काकांच्या फक्त पाया पडायची बाकी होते. त्यांनी आटपलंही. शेवटचा 'पास' झाला, मी बटणाकडे हात नेला, आणि काकूंना रोबोच्या गुडघ्यावर धूळ दिसली. त्यांनी ती पदराने पुसली.

"हात लागला," काका म्हणाले.

मी ओरडलेच. "बायको आहे हो ती तुमची!" ते खाली मान घालून घोट्याचा पट्टा चाचपत राहिले. वेळ संपली तेव्हा ते उजव्या गुडघ्यापर्यंत पोहोचले होते. पुढचे पेशंट दारात येऊन बसले होते, आणि त्यांचाही तो शेवटचाच दिवस होता. मी पट्टे सोडायला लागले, तेव्हा काकांचा चेहरा उतरला. "संपलं?" त्यांनी विचारलं.

काकू व्हीलचेअरसमोर फरशीवर मांडी घालून बसल्या आणि वर बघत म्हणाल्या, "बोला आता. काय बोलायचं होतं?"

काकांनी काकूंच्या डोक्यावर हात ठेवला आणि रडायला लागले. पट्टे सोडता सोडता मीही रडले. काका जाऊन आता चार वर्षं झाली. त्या पाऊण तासासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.