संत्र्याचं मेण आणि वनिताचे हात

डिसेंबर २००६, मंगळवार. सकाळच्या लॉटमधली संत्री मी हातात फिरवून तपासत होते. एका संत्र्यावर तांबूस डाग दिसला. बुरशी वाटली नाही. नख लावलं, तर निघून आला. रक्त होतं.

मोर्शीजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये मी क्वालिटी इन्चार्ज होते. बागेतून आलेलं संत्रं आम्ही सोड्याच्या पाण्यात धुतो, वाळवतो, त्यावर मेण मारतो आणि खोक्यात भरतो. मेण कशाला? सालीवर मुळातच मेणाचा पातळ थर असतो. धुताना तो जातो. मग आतलं पाणी उडतं आणि फळ सुरकुततं. म्हणून वरून दुसरा थर द्यायचा.

डागाचा माग काढत धुण्याच्या टाकीपाशी गेले. तिथे वनिता वानखडे होती. घरचा कापूस गेला म्हणून त्याच सीझनला कामावर लागलेली.

"हात दाखव."

"काई नाई मॅडम, थंडीनं फुटले."

"दाखव म्हणते ना."

तिनं तळवे पुढे केले आणि मी मागे सरकले. तळव्यांवर चकचकीत, कडक पापुद्रा होता. त्याखाली कातडी लालभडक, भेगांतून रक्त येत होतं.

"काय लावलंस हे?"

तिनं तळवे मागे ओढले. शेजारची नजमा बोलली, "संत्र्याचं मेण लावते ना. तुमीच तं सांगितलं, मेणानं साल सुकत नाई. संत्र्याले चालते, मंग आमाले काहून नाई?"

त्या मेणात अमोनिया असतो, बुरशीनाशक असतं. ड्रमवर तशी सूचना होती. इंग्रजीत.

मॅनेजर देशमुख साहेब आले, हात पाहिले, तोंड फिरवलं. "घरी पाठवा हिले. रक्ताचा माल पार्टीनं परत केला तर?"

"साहेब, काढू नका," वनिता म्हणाली. "झाडझूड करीन, खोके उचलीन."

"या हातांनी? उद्या पाहू."

त्यांचं 'उद्या पाहू' म्हणजे नाही, हे तिलाही माहीत होतं.

दुपारच्या एसटीनं मी तिला अमरावतीला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी आधी भेगांसाठी औषध दिलं, मग समजावलं. कातडीच्या वरच्या थरात स्वतःचा स्निग्धपणा असतो. तो आतलं पाणी धरून ठेवतो, बाहेरचं आत येऊ देत नाही. सोड्यानं तोच धुऊन गेला होता, आणि उघड्या पडलेल्या कातडीवर मेणातलं रसायन बसलं. "सोड्यात हात घालायचे नाहीत. साध्या पाण्यानं धुवायचे, टिपायचे आणि ओलसर असतानाच बिनवासाची पेट्रोलियम जेली लावायची. दर धुण्यानंतर. ती पाणी उडू देत नाही. मग खालची कातडी आपला थर आपणच पुन्हा बांधते."

"म्हंजे माहं डोस्कं बराबर होतं," वनिता म्हणाली, "मेण चुकलं."

डॉक्टर हसल्या नाहीत. "आणखी थोडे दिवस लावलं असतंस, तर हातानं भाकर थापता आली नसती."

परतीच्या एसटीत वनितानं विचारलं. "उद्या येऊ का नको, मॅडम?"

"ये," मी म्हटलं. पुढे काय, ते मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू होण्याआधी मी सगळ्या बायांना रांगेत उभं केलं. तळवे वर करा म्हटलं. नजमानं हात ओढणीत लपवले, मग काढले. चकाकत होते. तिच्या शेजारणीचेही. रांगेतल्या निम्म्या जणींचे तसेच.

साहेबांना बोलावलं. ते रांगेच्या टोकापर्यंत हात पाहत गेले आणि परत आले.

"कोणाकोणाला घरी पाठवायचं?" मी विचारलं.

"आजचा ट्रक..."

"थांबेल."

एखादी गोष्ट का करतात हे कामगाराला सांगितलं, तर ती कुठे करायची नाही हेही त्याच दमात सांगावं. मेणाचा ड्रम मी कुलपात टाकला. जेलीचे डबे आणि रबरी हातमोजे आणायला माणूस मोर्शीला पाठवला. वनिताला खोक्यांवर लेबलं लावायला बसवलं. आणि डबे-हातमोजे येईपर्यंत, बंद मशीनसमोर, ड्रमवरून उतरवून घेतलेली सूचना सगळ्यांना मराठीत वाचून दाखवली.