आधी कोण ओढणार

तिसगावजवळच्या आमच्या शिवारात तीन भावांच्या जमिनी होत्या आणि विहीर एकच, सामाईक. दिवाळी झाली की पाण्याची पहिली पाळी कुणाची, हे पत्त्यांवर ठरायचं. एक्का, दुर्री आणि तिर्री अशी तीन पानं पिसून घोंगडीवर पालथी टाकायची. एक्का येईल त्याची पहिली पाळी, तिर्रीवाल्याची शेवटची. ओढायचं मात्र वयाच्या क्रमानं. थोरले चुलते आधी, मग मधले. उरलेलं पान माझ्या वडिलांचं. "आपल्या नशिबी कायम उरलंसुरलं," असं वडील दरवर्षी घरी येऊन म्हणत. मला त्या तक्रारीचा राग यायचा, कारण ती गणितात बसत नव्हती.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास मी नगरला कॉलेजात होतो. त्या दिवाळीत मी घोंगडीवरच सगळ्यांना समजावून सांगितलं. पानं पालथी पडली की एक्का तिन्हींपैकी कुठंही असू शकतो. पहिल्या पानाला एक्का असण्याची शक्यता तीनात एक, आणि उरलेल्या पानालाही तीनात एकच. आधी ओढा नाहीतर शेवटी, फरक शून्य.

थोरल्या चुलत्यांनी मान डोलावली. "पोरगं बराबर बोलतंय. समद्यांना सारखंच हाय."

"मंग दादा, यंदा मी आधी वढतो," वडील म्हणाले.

थोरल्यांनी तिन्ही पानांवर पंजा ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कालेजात ह्येच शिकिवत्यात व्हय?"