कोरी नव्हे, धुतलेली

उजव्या टाचेखालची जखम चार महिने भरेना, तेव्हा मी गावदेवीशी बोलणं टाकलं. कोपर गावातल्या घरातून रोज सकाळी अनवाणी निघून तिच्या पायऱ्या चढणारा माणूस मी. साखरेमुळे पाय बधिर झालेला, खिळा कधी लागला तेही कळलं नाही. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, असंच राहिलं तर पाय घोट्यापासून जाईल. मी मनात म्हटलं, जो पाय हिच्या दारात झिजवला तोच हिला न्यायचाय, तर नेऊ दे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण हट्टात मी कुणाचं ऐकलेलं नाही.

खरं सांगायचं तर पायापेक्षा मला माझी बायको हवी होती. इंदूला जाऊन तीन वर्षं झालेली. त्या पायऱ्यांवर ती माझा डावा कोपर धरायची, सावकाश म्हणायची, आणि मी मुद्दाम भरभर चढायचो. पाय गेला की तिला आठवायची तेवढी एक जागा जाणार, हे मला जखमेपेक्षा जास्त दुखत होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी एक उपाय काढला. मेल्यावर कुणी दान केलेली कातडी औषधी पाण्यात धुतात. तिच्यातल्या पेशी, म्हणजे त्या माणसाचं जिवंत असं जे काही, ते सगळं निघून जातं आणि मागे पांढरी जाळी राहते. ती जखमेवर बसवली की आपलं मांस तिला धरून वाढतं. पुढेमागे आख्खं हृदयसुद्धा असं धुवून, त्यात पेशंटच्या पेशी वाढवून बसवता येईल, त्यावर शोध चाललाय, असंही त्या कौतुकाने सांगत होत्या. म्हणाल्या, "आजोबा, जाळी अगदी कोरी असते. कुणाचीच नसते."

मला हसू आलं. मानपाड्याला डाइंगच्या कारखान्यात जन्म काढलेला मी. म्हटलं, "बाई, कोरं वेगळं, धुतलेलं वेगळं. रंग चुकला की आम्ही तो उतरवायचो, कापड पांढरं व्हायचं. पण त्याला कोरं म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. धुतलेल्याला आधी रंग होता."

त्या म्हणाल्या, बरं, धुतलेली म्हणा, पण सही करा. माझी मुलगी सुनंदा शेजारी बसलेली. ती हसली नाही, खाली बघत राहिली. आणि मग माझंच बोलणं माझ्या अंगावर आलं.

आमच्या शेजारची एक पोर स्टोव्हने भाजलेली, ती दान केलेल्या कातडीमुळे वाचली. तेव्हापासून इंदू म्हणायची, माझीही द्या. ती गेली त्या दिवशी सुनंदाने फोन केला आणि कातडी काढून नेणारी इस्पितळाची माणसं पेटी घेऊन घरी आली. मी दारात आडवा उभा राहिलो. माझ्या बायकोला सोलायची नाही म्हणालो. त्यांनी हात जोडले आणि परत गेले. सुनंदा एवढंच म्हणाली, "बाबा, आईची इच्छा होती."

आता तेच दान घ्यायचा कागद माझ्या हातात. कुठल्या तोंडाने घेऊ? मी पेन ठेवलं, कापा म्हणालो, आणि लंगडत बाहेर येऊन बाकावर बसलो.

तिथे एक बाई बसलेली, साठीची असेल. पिशवीतून दुधी डोकावत होता, आणि तिला सारखा खोकला येत होता. काय झालं भाऊ, म्हणाली. मी परक्याशी बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी सगळं सांगितलं, इंदूचंसुद्धा. वाटलं, आता ही चार शब्द सुनावणार. ती म्हणाली, तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी गाडीवरून पडून गेला. त्याची कातडी त्यांनी दिली. कुणाला लावली ते सांगत नाहीत.

"रिक्षात, बाजारात, मी लोकांचे हातपाय बघत बसते," ती म्हणाली. "घ्यायलाच कुणी तयार नसलं, तर आम्ही दिलेलं कुठे जायचं, भाऊ?"

तेवढ्यात तिचा नंबर आला आणि ती आत गेली. नाव विचारायचं राहिलं.

मी तिला देवी म्हणणार नाही. देवीला कशाला खोकला होईल? पण मी देवीशी बोलणं टाकलेलं आणि कुणीतरी माझ्याशी बोललं, एवढं मात्र झालं. मी आत गेलो आणि वाकडीतिकडी सही केली.

पुढच्या आठवड्यांत त्या पांढऱ्या जाळीत कडेकडेने लाली चढत गेली, कापड रंग धरतं तशी. एकदा सुनंदा पट्टी बांधत असताना मी म्हटलं, "तुझ्या आईचीही आज अशीच कुणाच्या तरी अंगावर असती." ती हात न थांबवता म्हणाली, "हो, असती." मला बरं वाटावं म्हणून काही बोलली नाही. ते बरोबरच केलं तिने.

पाय राहिला. देवीपुढे नारळ ठेवताना, नवस फेडताना मी कायम ताठ होतो, आपण देणारे म्हणून. ज्याचं नावही कळणार नाही अशाकडून घेताना पहिल्यांदा वाकलो. त्या माणसासाठी आणि दारात आडवं न येणाऱ्या त्याच्या माणसांसाठी मी आता रोज देवीपुढे हात जोडतो. इंदूची आठवण काही कमी होत नाही.

तपासणीच्या दिवशी मी तासभर आधी जातो. पायमोजा काढून, टाच वर दिसेल असा पाय ठेवून त्याच बाकावर बसतो. नर्स म्हणते, आजोबा, पाय झाकून घ्या. मी झाकत नाही. ती बाई अजून आली नाही.