पहिला पेला

“थुंका! अहो निपाणीकर, थुंका आधी! गिळू नका!”

दारूच्या भट्टीचा मॅनेजर असा काही ओरडला, की तिकडं गुंजी स्टेशनात उभी असलेली गाडी त्या आवाजानंच सुटली असावी. मी मात्र गिळून मोकळा झालो होतो.

वीस वर्षं मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत माल पारखत होतो. चिमूट हातावर चोळायची, नाकाशी धरायची आणि माल कुठल्या ढिगात टाकायचा ते सांगायचं. नाक एवढं तयार, की बोरगावात कुणी पान चुरगाळलं तर इकडं मला शिंक यायची. पण धुळीनं छाती खाल्ली होती. चार पायऱ्या चढलो की बसावं लागे. म्हणून अबकारीत कारकून असलेल्या थोरल्या मेव्हण्यांनी खानापूर रस्त्याच्या या भट्टीत माझ्यासाठी शब्द टाकला होता. तिथं दारू पारखणारा माणूस हवा होता. धूळ नाही, खुर्चीत बसून काम. मला त्या खुर्चीशिवाय काही नको होतं.

मॅनेजरनं आधी सगळी भट्टी हिंडवून दाखवली. तेवढ्या चालण्यात माणूस पायी गोव्याला पोचला असता. मोहाची फुलं भिजत घातलेले हौद, त्यावर खदखदणारा फेस, हत्ती उकडता येईल एवढा तांब्याचा हंडा, त्यातून निघून गार पाण्याच्या टाकीत वेटोळी घालणारी नळी. हौदाच्या शिडीवर मी तीनदा टेकलो.

“पाव्हणं, खोकू नगा वो,” मेव्हणे खालून पुटपुटले. “त्यो बघतोय.”

मी खोकला दाबला. तो अजून आत कुठंतरी दबा धरून बसलाय.

शेवटी टेबलावर तीन पेले आले. “यातली विकायला कुठली पाठवायची, सांगा.”

मी आमच्या रीतीनं एकेक थेंब तळहातावर चोळला. दुसरा मऊ वाटला. तिसरा कुबट. पहिल्यानं मात्र डोळ्यांतून पाणी काढलं, नाक सोललं. तंबाखूत असा माल निघाला तर व्यापारी पायताण विसरून धावत येतात. जितका ठसका मोठा, तितका माल वरचा.

“हाच एक नंबर!” म्हणालो, आणि मॅनेजरची खात्री पटावी म्हणून पेला रिकामा केला. तेव्हाचं ते ओरडणं.

“अहो, हंडा तापला की सगळ्यात आधी येतं ते हे! विष! आम्ही टाकून देतो!”

“आप्पा, तुमची पारख चुकली न्हाय,” हंड्याजवळचा कामगार म्हणाला. “भांड्याचं किटण ह्यानंच लई झ्याक निघतंय.”

मिठाचं पाणी पाजून त्यांनी मला आवारातल्या चिंचेखाली ओकायला बसवलं. ती चिंच त्या वर्षी फळली नाही म्हणतात.

परतीच्या मोटारीत मी मेव्हण्यांना बरंच सांगितलं. मॅनेजर माझ्या नाकाला कसा भ्याला, आता विलायतेला पत्र कसं लिहील, सगळं. बोलून बोलून दम लागला, तेव्हा विचारलं,

“अण्णा, मग त्या जागेचं?”

ते खिडकीबाहेरच बघत होते.

“सोमवारी वखारीत जावा.”