वरून ओतलेलं औषध

"वं बाई, तो गिलास लेकराच्या तोंडाले लावू नको. तू धुतला हाय तो. आमच्या पळीत टाक, वरून."

पोराच्या आत्यानं घरची चांदीची पळी पुढे केली. देवळीच्या कापूस व्यापाऱ्याचं घर. दवाखान्याला खाटा दिलेले लोक. पोरगं चार वर्षांचं, हगवणीनं पार चिपाड झालेलं. मी अल्लीपूरच्या महारवाड्यातली, शिकून नर्स झालेली. अंगावर नर्सचं पांढरं पातळ होतं, पण आत्याबाईंना त्याच्या आतला महारवाडाच दिसत होता.

त्यांचं शास्त्र असं. औषधाला विटाळ नाही. बाटलीलाही नाही, कारण ती कंपाउंडरनं भरलेली. पण मापाचा गिलास मी माझ्या हातानं विसळते, म्हणून तो चालत नाही. त्यात मोजून मग पळीत ओतलं तरी चालत नाही. अशा घरच्या पेशंटला बाटलीतून थेट त्यांच्या पळीत, हात उंच धरून, औषध सोडायचं. वॉर्डात ही रीतच पडली होती. मी एकदा डॉक्टरसाहेबांना बोलले होते. ते म्हणाले, "सिस्टर, मोठी माणसं आहेत. त्यांचं मन मोडू नका." मी ऐकलं. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं स्वतःलाच समजावलं.

त्या औषधात अफूचा अर्क होता. मोठ्या माणसाचा डोस लेकराला देत नाहीत. वयात बारा मिळवायचे आणि त्यानं वयाला भागायचं. चार भागिले सोळा. म्हणजे पाव. नागपूरला शिकताना या गणितासाठी बाईंनी माझी पाठ थोपटली होती. पाव डोस म्हणजे गिलासावरची सगळ्यात खालची रेघ. पळीवर रेघ नव्हती.

बाटलीचं तोंड पळीला लागू नये म्हणून मी हात वर नेला. औषध घट्ट. आधी अडलं, मग भसकन आलं. जास्त पडलं. मला दिसलं. "थांबा" म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कमी करून नेमकं पाव ठेवायचं तर पळी हातात घ्यावी लागली असती. पळीला शिवायची माझी छाती झाली नाही.

आत्यानं पाजलं.

दुपार कलायच्या आत पोरगं हलवूनही उठेना. श्वास लांबत चालला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. डॉक्टरसाहेबांनी नळीनं पोट धुतलं, काळी कॉफी दिली. मी त्याचे गाल थोपटत होते, तळव्यांना चिमटे काढत होते, त्याला मांडीवर घेऊन हलवत होते. तेव्हा माझ्या शिवण्याला कोणाची हरकत नव्हती.

दिवस मावळताना तो रडला. त्याबरोबर आत्याबाईंना वाचा फुटली. "हिनंच ज्यादा टाकलं. काऊन ठेवता अशा बायाईले?" डॉक्टरसाहेबांनी मला आत्याबाईंपुढे, लांबूनच, जमिनीला डोकं टेकायला लावलं. मी टेकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणता आलं असतं. पण मी कुठली संन्याशी? बाटली माझ्या हातात होती. गणित मला येत होतं.

दुसऱ्या सकाळी दुसरं औषध होतं. तेही मोजूनच द्यायचं. आत्याबाईंनी परत पळी पुढे केली. मी गिलासात मोजलं.

"यातूनच पाजीन, आत्याबाई. अंदाजानं देत नाई."

"मंग आमचं लेकरू आमी घरी नेतो."

"सिस्टर, द्या पळीत," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"नाही देणार, साहेब."

त्यांनी स्वतः गिलास विसळून, मोजून दिलं असतं तर भागलं असतं. पण ते पडलं नर्सचं काम. ते नुसते उभे राहिले. आत्याबाईंनी पोराला चादरीत गुंडाळलं आणि बाहेर बैल जुंपून उभ्या दमणीत घातलं. तो अजून मान धरत नव्हता.

पुढे त्याचं काय झालं, मला कळलं नाही. देवळीला जाऊन विचारायची हिंमत झाली नाही, आणि त्याचीही मला लाज वाटते. आधी जास्त दिलं, मग दिलंच नाही. दोन्ही माझ्या माथी आहेत. कोणी काढून घेऊ म्हटलं तरी मी देणार नाही.

पण त्या सकाळपासून माझ्या हातून कोणाच्याही पोटात अंदाजानं थेंब गेला नाही, आणि जाणार नाही. कोणाचं मन मोडो, माझी नोकरी जावो. जास्त पडलेलं दिसलं, तर समोरच्याचा हात तिथल्या तिथे धरीन. मग तो कोणाचाही असो.