पराच्या सात काड्या

माशाची जात ठरवताना आधी काड्या मोजतात. पाठीवरच्या पराला आधार देणाऱ्या या बारीक काड्यांची संख्या बहुतेक जातीनुसार ठरलेली असते. एखादी कमी-जास्त निघाली तर मासा वेगळा असू शकतो.

नांदेडला एमएस्सी करताना मी आणि माझ्या वर्गमित्रानं मुखेडजवळच्या एका ओढ्यातून बोटाएवढे मासे धरले होते. वाळूत शिरणारे, अंगावर तपकिरी ठिपके असलेले. भिंगाखाली मोजायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या माशाला सात काड्या निघाल्या. पुस्तकात आठ होत्या. पुन्हा मोजल्या, सातच. मग वहीतला सात मी खोडरबरानं पुसला आणि आठ लिहिला. उरलेले मासे मोजलेच नाहीत. सगळ्यांपुढे आठ.

पुढे मी वर्तमानपत्रात आलो. तो लातूरला प्राध्यापक झाला आणि यंदा त्याच ओढ्यावर परत गेला. त्यानं सात मोजल्या आणि सातच लिहिल्या. नवीन जात म्हणून वर्णनाचा लेखही तयार केला. त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मी अभिनंदन केलं. माशाला नाव तो देणार होता, आणि मासा आधी माझ्या भिंगाखाली होता.

आठवड्यानं पुन्हा फोन आला.

"आपली ती वही हाय का रे तुझ्याजवळ? जुनी नोंद निघाली तर लेखात तुझं नाव घालतो."

"शोधून राहिलो."

"शोध लवकर. पेपरवाले तुम्ही, कालचा पेपर बी सापडत न्हाई तुम्हाला."

वही समोर टेबलावरच होती. पान उजेडात तिरपं धरलं की आठाखालचा सात दिसत होता. ती दिली असती तर मासा मी आधी पाहिला हे सिद्ध झालं असतं, आणि आकडा मी पुसला हेही. दोन दिवसांनी मी वही सापडत नसल्याचं कळवलं.

"अरेरे. तुझं नाव पाहिजे होतं रे," तो म्हणाला. हळहळ खरी होती. मला तिचाही राग आला.

लेख प्रसिद्ध झाला. लातूरच्या बातमीदारानं पाठवलेली बातमी संपादनासाठी माझ्याकडेच आली. तिच्यात एक ओळ होती: 'या माशाची यापूर्वी कुठेही नोंद झालेली नाही.' मित्राचा तीन कॉलमी फोटो मी एक कॉलम केला. ती ओळ जशीच्या तशी जाऊ दिली.