आईच्या कॉटवरचा कुत्रा

वडील गेल्यावर आईला मी चाकणजवळच्या गावातून संत तुकाराम नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. तिच्याबरोबर वडिलांचा कुत्राही आला. गावठी, तपकिरी, चांगला थोराड. गावी तो अंगणात झोपायचा. इथे आईने त्याला हॉलमधल्या आपल्या कॉटवर घेतलं आणि महिन्याभरात ती कॉट त्याची झाली. आईसुद्धा.

पहिली शिफ्ट करून आलो आणि आईजवळ टेकायला गेलो की तो मान खाली घालून गुरगुरायचा. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "आसू दे रं. माया हाय त्याची." तिला ते आवडायचं, हे मला कळत होतं. म्हणूनच जास्त राग यायचा.

मग मी हातात चप्पल घेतली. गुरगुरला की फटका. आठ-दहा दिवसांत त्याचा आवाज बंद झाला. "बघ, लागलं वळण," मी बायकोला फुशारकीने सांगितलं.

त्यानंतरच्या गुरुवारी मला साप्ताहिक सुट्टी होती. आमची सात वर्षांची मुलगी शाळेत काढलेलं चित्र दाखवायला आजीच्या कॉटवर चढली. कुत्रा गुरगुरला नाही. त्याने सरळ तिचा हात धरला. मनगटावर दोन खोल जखमा झाल्या. दवाखान्यात इंजेक्शन घेताना ती रडलीही नाही. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "एक तर तो राहील, नाहीतर आम्ही दोघी."

कंपनीतल्या एकाने देहूरोडच्या एका काकांचा नंबर दिला. सैन्यात कुत्री सांभाळून निवृत्त झालेले. ते आले, कॉटपासून लांब एका खुर्चीवर बसले आणि बराच वेळ कुत्र्याकडे तिरकं बघत राहिले.

"आधी गुरगुरायचा का?"

"हो. मी सोडवली ती सवय."

"मारून?"

मी मान हलवली.

"लांब राहा, एवढंच तो सांगत होता. तुम्ही त्याचं सांगणं बंद केलंत. भीती तशीच राहिली."

बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्यांनी सगळं समजावून दिलं. मार बंद. कॉट बंद, कोपऱ्यात त्याची वेगळी गोधडी. आईजवळ कुणीही आलं की लांबूनच त्याच्याकडे उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचा, म्हणजे माणूस जवळ येणं त्याला वाईट वाटणार नाही. आणि तो गुरगुरलाच, तर आईने काही न बोलता उठून दुसऱ्या खोलीत जायचं.

"म्या उठून जायाचं?" आई म्हणाली. "ह्यांच्या माघारी त्योच हाय माझ्यापाशी."

"आजी, हाडूक राखावं तसा तो तुम्हाला राखतोय," काका हळू आवाजात म्हणाले. आईने त्याच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

आणि तिने खरंच ते केलं. काही दिवसांनी कुत्र्याचा आवाज परत आला. त्या संध्याकाळी मी जवळ जाताच तो गुरगुरला, तशी आई गुडघा धरून उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कुत्रा दारात थांबून तिच्याकडे बघत होता. तिने वळून पाहिलं नाही. पदर डोळ्यांना लावलेला मला मागून दिसला.

तीन-चार महिने हे चाललं. शेवटी "जागेवर" म्हटलं की तो उठून गोधडीवर जाऊ लागला. तरी काका म्हणाले, "मुलीला त्याच्याजवळ एकटी सोडू नका. कधीच." सांगायची गरज नव्हती. मुलगी हॉलमध्ये यायचीच बंद झाली होती. जेवणाचं ताट आत न्यायची, आजीशी दाराआडून बोलायची.

एका सकाळी आई पिशवी भरून बसली होती. "पोरगी आपल्याच घरात भिऊन ऱ्हाती. मला न् ह्याला गावाला सोड."

"थांब गं थोडे दिवस," मी म्हणालो. एकदाच म्हणालो. दुपारी त्यांना सोडून आलो.

आता मी एखाद्या गुरुवारी गावी जातो. मी "जागेवर" म्हणालो की कुत्रा निमूट तिच्या कॉटवरून खाली उतरतो आणि मी आईशेजारी बसतो. ती चहा करते, हायवेवर किती गर्दी होती ते विचारते. मग आम्हाला फारसं बोलायला उरत नाही.

मागच्या खेपेला निघताना ती म्हणाली, "पोरीला आण की एकदा. म्या ह्याला बांधून ठेवते."

"परीक्षा आहे तिची," मी म्हणालो आणि गाडीला किक मारली.